दहापट अचूक मोजलं, तर किती पुढचं दिसेल?

१६८२ साली दिसलेला धूमकेतू १७५८च्या सुमारास परत येईल, असं एडमंड हॅलीने १७०५ मध्ये लिहून ठेवलं. तो परत येण्याआधीच हॅली वारला. पुढे क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत या तिघा फ्रेंच अभ्यासकांनी गुरू आणि शनी या धूमकेतूला किती ओढतील याचा हिशेब कित्येक महिने खपून हाताने केला. त्यांचं उत्तर होतं, एप्रिल १७५९च्या मध्यावर तो सूर्याच्या सर्वांत जवळ असेल. तो १३ मार्चलाच तिथे पोहोचला. पाऊणशे वर्षांच्या प्रवासात चूक झाली ती जेमतेम महिन्याभराची.

गतीचे तेच नियम वातावरणालाही लागू आहेत. तरीही आजचे महासंगणक एखाद्या ठिकाणचं हवामान फार तर दोन आठवडे आधी सांगू शकतात. म्हणजे नियम ठाऊक असले की भाकीत जमतंच, असं नाही. प्रणालींची वर्गवारी ‘साध्या’ आणि ‘गुंतागुंतीच्या’ अशी करतात, पण तिचा इथे फारसा उपयोग होत नाही. त्यापेक्षा मला एक प्रश्न जास्त कामाचा वाटतो: सुरुवातीची स्थिती दहापट अचूक मोजली, तर भाकिताचा पल्ला किती वाढेल?

पहिल्या प्रकारात तो दहापट वाढतो. उपग्रहाच्या एका फेरीचा काळ मोजताना एका सेकंदाची चूक झाली, तर शंभर फेऱ्यांनी शंभर सेकंदांचा फरक पडेल. चूक वाढते, पण सरळ हिशेबाने. ग्रहणांची वेळापत्रकं शतकभर आधी छापता येतात, ती यामुळेच.

दुसरा प्रकार, म्हणजे केऑस (सुरुवातीचा बारीकसा फरकही पटीपटीने वाढत जातो तो), कॅल्क्युलेटरवर स्वतः करून पाहण्यासारखा आहे. ० आणि १ यांच्यामधली एखादी संख्या घ्या. ती १ मधून वजा करा, वजाबाकीने मूळ संख्येला गुणा आणि आलेल्या उत्तराला ४ ने गुणा. जे येईल त्यावर पुन्हा हेच करा. ०.३ पासून निघालात, तर आधी ०.८४ येईल, मग ०.५३७६. आता ०.३००१ पासून निघा. पाचव्या पायरीवर दोन उत्तरं ०.०८८ आणि ०.०८६ अशी जवळजवळच असतात. आठव्या पायरीवर ०.४४८ आणि ०.४७५. बाराव्या पायरीवर एक असतं ०.५५४ आणि दुसरं ०.१४७! इथे नशिबाला कुठेही जागा नाही, सूत्र शाळकरी मुलालाही समजेल असं आहे, आणि तरी बारा पायऱ्यांत दोन्ही वाटांचा एकमेकींशी संबंध उरत नाही. प्राण्यांच्या संख्येतले चढउतार दाखवणाऱ्या याच घराण्यातल्या सूत्रांकडे शास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी १९७६ साली शास्त्रज्ञांचं लक्ष वेधलं. अशी सूत्रं विद्यार्थ्यांना लवकर शिकवावीत, असा त्यांचा आग्रह होता. तो मला आजही अगदी रास्त वाटतो.

या सूत्रात चूक दर पायरीला सरासरी दुप्पट होते. त्यामुळे सुरुवात दहापट अचूक केली, तरी पदरात पडतात तीन-साडेतीन पायऱ्या. हजारपट अचूक केली, तर सुमारे दहा. केऑसमध्ये अचूकतेचा गुणाकार करावा लागतो आणि मिळते ती बेरीज. उपग्रह, रडार आणि संगणक यांत एवढी प्रगती होऊनही हवामानाच्या अंदाजाचा उपयोगी पल्ला दर दशकाला साधारण एका दिवसानेच वाढत आला आहे. माझ्या मते हे यश फार मोठं आहे. त्यामागचं गणित पाहिल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही.

ग्रहांचं काय? तेही शेवटी याच प्रकारातले आहेत, फक्त त्यांची चूक फार सावकाश वाढते. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जॅक लास्कर यांनी १९८९ मध्ये दाखवलं, की पृथ्वीची आजची जागा सांगताना १५ मीटरची चूक झाली, तर एक कोटी वर्षांनी ती १५० मीटर होईल. दहा कोटी वर्षांनी मात्र ती होईल १५ कोटी किलोमीटर, म्हणजे पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर! तेव्हा ग्रहणांसाठी सूर्यमाला घड्याळासारखी काटेकोर, आणि कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात ती केऑसमध्ये मोडते. प्रकार ठरताना, आपण किती पुढचं विचारतो आहोत हेही पाहावं लागतं.

तिसऱ्या प्रकारात जास्त अचूक मोजून काहीच हाती लागत नाही. आयोडीन-१३१ या किरणोत्सारी पदार्थाचा एखादा अणू आता क्षय पावेल की महिन्याने, हे सांगण्याचा कोणताही मार्ग नाही. अणूच्या आत एखादं छुपं घड्याळ असेल का? भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांच्या १९६४ सालच्या प्रमेयाने अशा छुप्या कारणांची परीक्षा घेण्याची वाट दाखवली. त्यावरच्या प्रयोगांना २०२२चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. साध्या, जागच्या जागी काम करणाऱ्या छुप्या कारणांनी निसर्गाचे आकडे जुळत नाहीत, असं त्या प्रयोगांतून निघालं. पण असे अब्जावधी अणू एकत्र घ्या, आठ दिवसांनी त्यातले निम्मे उरतील, आणि हे भाकीत कधीच फसत नाही.

काही प्रणाली नेमक्या कुठे बसतात, हे अजून कळलेलं नाही. कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डला १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ साली मध्यम तीव्रतेचे भूकंप झाले. सरासरी अंतर बावीस वर्षांचं. पुढचा १९९३च्या आत होईल, असं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं आणि तिथे उपकरणांचं दाट जाळं उभारलं. भूकंप झाला २८ सप्टेंबर २००४ रोजी. जागा बरोबर ठरली, तीव्रताही अपेक्षेएवढीच होती, वेळ मात्र चुकली. इतकी उपकरणं रोखलेली असूनही आधी काही ठळक पूर्वसूचना मिळाली नाही.

आणि काही प्रणाली भाकीत ऐकतात. उद्या वादळ येणार असं म्हटल्याने वादळ हटत नाही. पण एखादी बँक बुडणार अशी हाकाटी झाली, की ठेवीदार रांगा लावतात आणि धडधाकट बँकही बुडू शकते. साथीच्या बाबतीत उलटही घडतं: मोठ्या लाटेचा इशारा ऐकून लोक सावध होतात आणि लाट लहान राहते. इथे मोजमाप कितीही सुधारलं, तरी भाकीत जाहीर होताच ज्यावर ते बेतलं होतं ती परिस्थितीच बदलते. त्यामुळे साथींचं गणित मांडणारे अभ्यासक बहुधा एकच आकडा देत नाहीत. लोकांच्या भेटीगाठी आहेत तशाच चालू राहिल्या तर किती रुग्ण होतील, निम्म्यावर आल्या तर किती, अशा वेगवेगळ्या शक्यता ते शेजारी शेजारी मांडतात.