खारवट-चोपण जमीन : बीजप्रक्रिया व पिकांद्वारे सुधारणा (खानदेश)

क्षार साचून नापीक होत चाललेल्या जमिनीत प्रक्रिया केलेले बियाणे व क्षार सोसणारी पिके घेऊन ती पुन्हा कसदार करण्याची पद्धत. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठच्या खोल काळ्या जमिनींचा निचरा मंद असतो. तिथे पाटाचे किंवा विहिरीचे मचूळ पाणी वर्षानुवर्षे भरले की क्षार वर येतात. वाळल्यावर पांढरा थर धरते ती खारवट, सामू (पीएच) ८.५ च्या वर असून भिजली की चिखल, वाळली की दगड होते ती चोपण.

क्षाराचा पहिला फटका उगवणीलाच बसतो, कारण खारट मातीतून बियाला पाणी ओढता येत नाही. म्हणून गहू, दादर (रब्बी ज्वारी) यांचे बी रात्रभर गोड्या पाण्यात भिजवून, सावलीत सुकवून पेरतात. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी, जिवाणू खत (१० किलो बियाण्यास २५० ग्रॅम) त्यानंतर. क्रम उलटला तर जिवाणू मरतात. कपाशीचे विकतचे बी औषध लावूनच येते, ते भिजवू नये. वरंब्याच्या माथ्यावर क्षार गोळा होतात, तेव्हा बी बगलेत टोकावे.

एवढ्याने पीक तग धरते. जमीन सुधारत नाही. बीजप्रक्रियेने क्षार निघून जातात असे सांगणे ही शेतकऱ्याची दिशाभूल आहे. जमीन सुधारतात ती मुळे. ढैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पावसाळ्याच्या तोंडावर पेरून ४५ ते ५० दिवसांनी फुलोऱ्यात येताच गाडतात. मुळांच्या श्वसनातून व कुजणाऱ्या पाल्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून सौम्य आम्ल बनते आणि त्यात मातीतली चुनखडी विरघळते. सुटलेले कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटून ती चोपण करणाऱ्या सोडियमची जागा घेते. खानदेशच्या काळ्या मातीत चुनखडी मुळातच असते, म्हणून जिप्समचा (कॅल्शियम देणाऱ्या खनिजाचा) खर्च न झेपणाऱ्याला हा मोठा आधार आहे. फारच चोपण जमिनीला मात्र जिप्सम लागतेच.

सुटलेला सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर शेताबाहेर गेला पाहिजे. पाणी काढून देणारे चर नसतील तर सारी मेहनत वाया जाते. पांझरेवरच्या जुन्या फड पद्धतीत, म्हणजे गावाने मिळून बंधाऱ्याचे पाणी वाटून घेण्याच्या रीतीत, पाणी पाळीपाळीने फिरे. तशी शिस्त कालव्याखालच्या शेतांनाही हवी.

ढैंच्यानंतर रब्बीत गहू घेता येतो. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने केआरएल २१० हा क्षार सोसणारा वाण दिला आहे. पुढे कपाशी चालते. हरभरा, मूग, उडीद व केळी क्षाराला नाजूक. माती परीक्षणात क्षार व सामू उतरल्याचे दिसल्यावरच ती घ्यावीत.