सरकारी नोकरीत राहून ग्रामपंचायत निवडणूक लढवता येते का? नियम, राजीनामा आणि कागदपत्रे

नाही, लढवता येत नाही. राज्य किंवा केंद्र सरकार, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका किंवा ग्रामपंचायत यांच्या सेवेत असलेली व्यक्ती महाराष्ट्रात ग्रामपंचायत सदस्य किंवा सरपंच होऊ शकत नाही. तरीही दर निवडणुकीला हा प्रश्न गावोगावी निघतो. "रजा टाकून अर्ज भरला तर?", "निवडून आल्यावर राजीनामा दिला तर?" असल्या सल्ल्यांवर विसंबून लोक नोकरी आणि पद दोन्ही धोक्यात घालतात. म्हणून नियम नेमका काय आहे ते नीट पाहू.

ही मनाई दोन बाजूंनी आहे. पहिली निवडणूक कायद्याची. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ मध्ये सदस्यत्वाच्या अपात्रता दिल्या आहेत. सरकारचा किंवा कोणत्याही स्थानिक प्राधिकरणाचा नोकर असणे ही त्यातलीच एक. 'कोणत्याही' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. समजा, एखादा माणूस शेजारच्या गावच्या ग्रामपंचायतीत पाणीपुरवठा कर्मचारी आहे आणि मतदार स्वतःच्या गावचा आहे. "माझी नोकरी तिकडची, निवडणूक इकडची" असे त्याला म्हणता येत नाही, कारण तोही स्थानिक प्राधिकरणाचाच नोकर. जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी, तलाठी, ग्रामसेवक, नगरपालिकेचा लिपिक हे सगळे याच कलमात येतात.

दुसरी मनाई सेवानियमांची. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ च्या नियम ५ प्रमाणे राज्य सरकारी कर्मचाऱ्याला राजकीय पक्षाचे सदस्य होता येत नाही. विधिमंडळाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या निवडणुकीत भाग घेता येत नाही, प्रचार करता येत नाही आणि आपले वजनही वापरता येत नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९६४ च्या वर्तणूक नियमांत हीच तरतूद आहे, तर जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे स्वतंत्र वर्तणूक नियम आहेत. थोडक्यात, एखाद्याचा अर्ज छाननीत कोणाच्या नजरेतून सुटला तरी खात्याच्या चौकशीतून तो सुटत नाही.

हा नियम मला योग्य वाटतो. मतदान केंद्रावर जो कर्मचारी बसतो, मतमोजणी करतो, पंचायतीच्या कामाची तपासणी करतो, तोच उमेदवार असेल तर गावाने विश्वास कोणावर ठेवायचा? ग्रामसेवक पंचायतीचा सचिव म्हणून इतिवृत्त लिहितो. त्यानेच एखाद्या पंचायतीत सदस्य म्हणून ठरावाला हात वर करावा, हे कोणालाच पटणार नाही.

रजा, निलंबन, मानधन, निवृत्ती

बिनपगारी रजेवर असलेला कर्मचारी हा कर्मचारीच असतो. निलंबित झालेल्याचेही तसेच, नोकरी संपेपर्यंत सेवेचे नाते तुटत नाही.

निवृत्त झालेल्यांना मात्र खुशाल लढता येते. पेन्शन मिळते म्हणजे नोकरी चालू आहे असे होत नाही. निवृत्तीनंतर पुन्हा कंत्राटी नेमणूक घेतली असेल तर तिचा आदेश आधी तपासावा.

खरा गोंधळ होतो तो मधल्या पदांवरून. खासगी अनुदानित शाळेतल्या शिक्षकांचा पगार सरकारी अनुदानातून होतो, पण त्यांची नेमणूक संस्थेची असते आणि त्यांना १९८१ ची खासगी शाळा कर्मचारी नियमावली लागू होते. त्यामुळे जिल्हा परिषद शिक्षकांना लावतात तो निकष त्यांना जसाच्या तसा लावता येत नाही. महामंडळे, वीज कंपन्या, बँका यांचे स्वतःचे सेवाविनियम असतात आणि त्यांतही निवडणुकीबाबत अटी असतात. अंगणवाडी सेविका नागरी पद (म्हणजे सरकारी सेवेतले पद) धारण करत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या एका प्रकरणात म्हटले आहे. पण तेवढ्यावर भिस्त ठेवून अर्ज भरू नका, नेमणुकीच्या आदेशातल्या अटीही वाचा. या गटात मोडणाऱ्यांनी कार्यालयाला लेखी विचारावे आणि उत्तरही लेखीच घ्यावे. साहेब तोंडी "काही हरकत नाही" म्हणाले, हे छाननीच्या टेबलावर चालत नाही.

लढायचेच असेल तर: राजीनामा की स्वेच्छानिवृत्ती?

इथे घाई करू नका, कारण आयुष्यभराच्या पेन्शनचा प्रश्न आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ च्या नियम ४६ नुसार राजीनामा दिला की आधीची सेवा जप्त होते, म्हणजे ती पेन्शनसाठी धरली जात नाही. वर्षानुवर्षे नोकरी करून एका अर्जासरशी जुन्या पेन्शनवर पाणी सोडायचे का, हे घरात बसून शांतपणे ठरवा.

अर्हताकारी सेवा (पेन्शनसाठी धरली जाणारी सेवा) २० वर्षे झाली असेल तर नियम ६६ प्रमाणे तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि पेन्शनही मिळते. नोटिशीची मुदत संपण्यापूर्वी नियुक्ती प्राधिकाऱ्याने नकार कळवला नाही, तर मुदत संपताच निवृत्ती अमलात येते. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन योजना सर्वसाधारणपणे लागू नाही, त्यांनी आपल्या पेन्शन खात्यातल्या जमा रकमेचा हिशेब आस्थापना शाखेतून काढून घ्यावा.

तारखांमध्येच बहुतेकांचे चुकते. राजीनामा दिला म्हणजे नोकरी संपली असे नाही, तो मंजूर व्हावा लागतो. अर्ज योग्य मार्गाने नियुक्ती प्राधिकाऱ्याकडे जातो, विभागीय चौकशी किंवा वसुली प्रलंबित असेल तर तो अडतो. निवडणूक कार्यक्रम जाहीर झाल्यावर अर्ज भरायला मोजकेच दिवस असतात, तेवढ्यात हे सगळे होणे कठीण. म्हणून कार्यक्रमाची वाट न पाहता, ग्रामपंचायतीची मुदत कधी संपते ते बघून आधीच हालचाल करावी. हातात तीन कागद हवेत: आवक क्रमांक व शिक्का असलेली अर्जाची प्रत, मंजुरीचा आदेश आणि कार्यमुक्तीचा आदेश. हे तिन्ही नामनिर्देशनपत्र भरण्यापूर्वीच्या तारखेचे असावेत.

हरलो तर परत रुजू होऊ, हा हिशेब मनातून काढून टाका. राजीनामा मागे घेण्याची वाट फार अरुंद आहे आणि निवडणुकीतला पराभव हे त्यासाठीचे कारण होत नाही.

उमेदवारी अर्जासोबत काय लागते?

सेवा संपल्याच्या पुराव्याव्यतिरिक्त बाकी कागद इतर उमेदवारांसारखेच. त्याच ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत नाव आणि वय २१ पूर्ण हवे. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्म असेल तर किमान सातवी उत्तीर्ण असल्याचा पुरावा लागतो. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या जन्मामुळे दोनपेक्षा जास्त अपत्ये झालेली नाहीत असे घोषणापत्र, मालमत्ता व गुन्ह्यांची माहिती, शौचालय वापराबाबतचे प्रमाणपत्र, पंचायतीच्या कराची थकबाकी नसल्याचा दाखला, निवडणूक खर्चासाठी बँक खाते आणि अनामत रक्कम हेही लागते. राखीव जागेसाठी जात प्रमाणपत्रासोबत जात वैधता प्रमाणपत्र, ते नसल्यास पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि हमीपत्र. प्रत्येक निवडणुकीच्या वेळी राज्य निवडणूक आयोग सूचना काढतो, त्यातली यादी शेवटची मानावी.

नोकरी लपवून कोणी निवडून आलाच, तर कलम १६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार होऊ शकते आणि सदस्यत्व जाते. शिवाय खात्याची कारवाई वेगळी.

सदस्य असताना नोकरी लागली तर?

स्पर्धा परीक्षा देणारी बरीच मुले-मुली आज पंचायतीत सदस्य आहेत, त्यांच्यासाठी हे. रुजू होण्याआधी सदस्यत्वाचा राजीनामा द्या. कलम २९ प्रमाणे सदस्याने तो सरपंचाकडे द्यायचा आणि सरपंचाने पंचायत समितीच्या सभापतींकडे. पोच जपून ठेवा आणि साक्षांकन अर्जात (नेमणुकीच्या वेळी पडताळणीसाठी भरायच्या अर्जात) हे पद लपवू नका.

पती किंवा पत्नी उमेदवार असेल तर?

नोकरदाराच्या पत्नीला, पतीला, आईवडिलांना निवडणूक लढवण्यास या कलमाने बंदी नाही, अपात्रता नोकरी करणाऱ्यापुरतीच आहे. पण त्याने प्रचारापासून पूर्ण लांब राहावे. अंगावर, वाहनावर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावणे हे वजन वापरण्यातच मोडते, असे नियम ५ च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. त्यामुळे दारात लावलेल्या दुचाकीवरचा स्टिकर आधी काढा. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला बायकोचे चिन्ह ठेवण्याचा मोहही टाळा, विरोधकांना तक्रारीसाठी तेवढा एक स्क्रीनशॉट पुरतो. मतदान जरूर करा, तो हक्क अबाधित आहे. मत कोणाला दिले किंवा देणार, हे मात्र कोणाला कळू द्यायचे नाही.