मनाच्या आजारातून सावरणं (बेळगाव सीमाभाग)

कानात नसलेले आवाज यायचे थांबले, झोप लागायला लागली की डॉक्टरच्या दृष्टीनं पेशंट सुधारला. समाजशास्त्र त्याच्या पुढचं विचारतं, की तो बरा झाला हे ठरवलं कोणी आणि त्याला त्याची जागा परत मिळाली काय. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात बघितलं तर फाईलवरची सुधारणा आणि गल्लीनं मान्य केलेली सुधारणा यांच्यात कधीकधी वर्षं जातात.

टाल्कट पार्सन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९५१ साली मांडलं की आजारी माणसाला समाज एक प्रकारची सुट्टी देतो, कामातून सूट, पण बरं व्हायचा प्रयत्न केलाच पाहिजे ही अट. टायफॉइडची सुट्टी संपते. डोक्याच्या आजाराची संपतच नाही, कारण एकदा धारवाडला जाऊन आला म्हटलं की (तिथं मानसोपचाराची मोठी सरकारी संस्था आहे, बेळगावहून ७५-८० किलोमीटर) तो साधा चिडला तरी लोक म्हणतात, परत सुरू झालं बघा. एर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञानं १९६३ मध्ये ज्याला कलंक म्हटलं ते हेच.

बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या, कापड विणायच्या मागांच्या गल्ल्यांत हे कामावरून कळतं. परत आलेल्या पोराला आधी कांड्या भरायला (मागासाठी सूत गुंडाळायला) बसवतात, माग कोणी लगेच देत नाही, धागा तुटला आणि ह्याचं लक्ष नसलं तर माल जातो म्हणून. भीती अगदीच खोटी नाही, गोळ्यांनी सुस्ती येते, रातपाळीनं झोपेचा घोळ होतो. पण सहा महिने, वर्षभर कांड्याच भरत राहिला तर पगारही तेवढाच आणि घरातली किंमतही तेवढीच. निपाणीकडं विड्या वळणाऱ्या बायकांचं जरा वेगळं, काम घरातच असतं त्यामुळं ती कधी थांबली आणि कधी परत बसली याचा बाहेर फारसा बोभाटा होत नाही, आणि हे मला वाटतं एका अर्थी बरंच आहे.

घरचं म्हणाल तर जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञाला लंडनमध्ये १९५० च्या दशकात दिसलं की हॉस्पिटलमधून आईवडिलांकडं किंवा बायकोकडं परतलेले पुरुष भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा परत आजारी पडतात, पुढं कळलं की टीका आणि नको इतकी काळजी जास्त असलेल्या घरात हे होतं. चंदीगडला १९८० च्या दशकात बघितलं तर अशी घरं लंडनपेक्षा कमी निघाली. तरी आपल्याकडं "गोळी घेतलीस काय रे" दिवसातून पाचदा पाहुण्यांसमोर विचारतातच, आणि "लग्न करून द्या, सुधारेल" हा सल्ला तर फुकट. मुलीच्या बाबतीत मात्र सगळं लपवायचं, गोळ्यांची डबी तांदळाच्या डब्यामागं.

देवरुषी आणि सौंदत्तीची यल्लम्मा हे डॉक्टरच्या आधीही असतं आणि नंतरही. "बाहेरचं झालंय" म्हटलं की दोष माणसावर येत नाही, हा त्यातला फायदा, पण त्या नादात औषध सुटलं तर गेलंच.

भाषेचं तर विचारूच नका. डॉक्टर कन्नडमधून झोपेचं विचारतो, आई "जीव नुसता वर-खाली होतोय ओ त्याचा" म्हणते, आणि कंपाउंडर त्याचं "टेन्शन" करून सांगतो. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात मानसिक आजारही धरलाय, ४० टक्के अपंगत्वाचा दाखला असला तर सवलती मिळतात, पण तो काढायचा म्हणजे आजार कागदावर कायमचा चढला, म्हणून पात्र असूनही कितीतरी घरं त्या रांगेत उभीच राहत नाहीत.