मॉसबद्दल पुढे काय शोधायचं, आणि हे प्रश्न आले कुठून

२०२२ साली जर्नल ऑफ ब्रायॉलॉजीमध्ये एक भलामोठा पेपर आला. वेगवेगळ्या देशांतल्या ब्रायॉलॉजिस्ट लोकांनी, म्हणजे याच वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्यांनी, मिळून ५० मूलभूत प्रश्न काढले, की मॉस, लिव्हरवर्ट आणि हॉर्नवर्ट या फुलं-बिया नसलेल्या छोट्या वनस्पतींच्या तीन गटांबद्दल येत्या काळात आधी काय शोधायला हवं. उत्क्रांती, लिंग ठरणं, कोरडं पडूनही जिवंत राहणं, हवामान बदल, संवर्धन, सगळंच त्यात आहे. पण थोडा इतिहास माहीत असला की लगेच लक्षात येतं, यातले बरेच प्रश्न खूप जुने आहेत. काही दीडशे-दोनशे वर्षं तसेच पडून होते, एकतर साधन नव्हतं म्हणून नाहीतर बघणारं कोणी नव्हतं म्हणून. साधनं आता आलीत, बघणारी माणसं मात्र कमी होत चाललीत, आणि माझ्या मते खरी अडचण इथेच आहे.

सुरुवात भिंगापासून. डिलेनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७४१ मध्ये मॉसवर मोठा ग्रंथ काढला, चित्रं इतकी बारकाईची की त्यातल्या कितीतरी जाती आजही चित्रावरून ओळखता येतात. पण मॉसच्या दांडीवर जी छोटी कुपी येते तिला तो फुलातल्या परागकोशासारखं काहीतरी समजला आणि आतल्या बीजाणूंना पराग. लिनियसनेही तेच धरून चालवलं. ही चूक सुधारली योहान हेडविगने, जो पेशाने डॉक्टर होता आणि दवाखाना सांभाळून मॉस बघायचा. त्याने मायक्रोस्कोपखाली नर आणि मादी अवयव खरे कुठे असतात ते दाखवलं, बीजाणू पेरून त्यांतून नवी मॉस उगवताना पाहिली. त्याचा मुख्य ग्रंथ तो गेल्यावर १८०१ मध्ये छापला गेला आणि स्फॅग्नम (दलदलीतली मॉस) सोडून बाकी मॉसची शास्त्रीय नावं आजही त्याच ग्रंथापासून मोजतात.

मग विल्हेल्म हॉफमाइस्टर. लाइपझिगमध्ये वडिलांच्या प्रकाशनाच्या धंद्यात काम करणारा, युनिव्हर्सिटीची डिग्री नसलेला हा माणूस, त्याने १८५१ मध्ये दाखवून दिलं की मॉस, नेचे आणि सूचिपर्णी झाडं सगळ्यांच्या आयुष्यात दोन पिढ्या आलटून पालटून येतात. मॉसमध्ये जी हिरवी पिढी आपल्याला दिसते तिच्यात गुणसूत्रांचा एकच संच असतो, आणि दोन संचांची पिढी म्हणजे ती दांडी आणि कुपी, जी आईच्या अंगावरच पोसली जाते. मोठ्या झाडांमध्ये हे नेमकं उलटं. हा उलटापालट झाला कसा, हा प्रश्न तेव्हापासून आहे आणि आजच्या यादीतही तो पहिल्या फळीतला आहे.

एक संच असण्याचा फायदा जेनेटिक्सवाल्यांना लवकर कळला, कारण जीनमध्ये बिघाड झाला की तो झाकायला दुसरी प्रत नसते, लगेच दिसतो. १९१७ मध्ये चार्ल्स अ‍ॅलनने स्फेरोकार्पोस नावाच्या लिव्हरवर्टमध्ये लिंग गुणसूत्रं दाखवली, वनस्पतींमध्ये पहिल्यांदाच. म्हणजे वनस्पतींमधल्या नर-मादी गुणसूत्रांची गोष्ट सुरूच इथून होते, तरी पुढे कित्येक दशकं त्याकडे फारसं कोणी वळलं नाही. १९२०च्या दशकात फ्रिट्झ फॉन वेटश्टाइनने मॉसच्या जातींचे संकर करून पाहिले, तेही काम मागे पडलं.

परत सुरू झालं ते एका नमुन्यामुळे. १९६२ मध्ये इंग्लंडमधल्या ग्रॅन्सडेन वुड या जंगलातून व्हाइटहाउस नावाच्या संशोधकाने फिस्कोमिट्रियम पेटन्स ही मॉस गोळा केली, तिच्या एकाच बीजाणूपासून लॅबमधली सगळी वंशावळ वाढवली गेली. १९७७ मध्ये अ‍ॅश्टन आणि कोव्ह यांनी तिचे म्युटंट, म्हणजे जीनमध्ये बदल झालेले वंश, मांडले, १९९७ मध्ये शेफर आणि झ्रिड यांनी दाखवलं की या मॉसमध्ये हवा तो जीन नेमका गाठून बदलता येतो, जे तेव्हा इतर वनस्पतींमध्ये जवळपास अशक्य होतं, आणि २००८ मध्ये तिचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए वाचून, आला. बी नसलेल्या, जमिनीवरच्या वनस्पतीचा हा पहिलाच जीनोम. पुढे २०१७ मध्ये मार्कँशिया या लिव्हरवर्टचा, २०२० मध्ये हॉर्नवर्टचे जीनोम.

इथे मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. इतकी वर्षं लॅबमध्ये नुसते तुकडे करून वाढवल्यामुळे ग्रॅन्सडेनच्या अनेक वंशांची प्रजननक्षमता घटली, म्हणून मग जर्मनीतल्या रॉयटे इथला दुसरा नमुना वापरात आणावा लागला. हजारो जातींच्या वतीने एका बीजाणूचा वंश बोलत होता, हे त्यातून उघड झालं. मॉस साधारण १२ ते १३ हजार जाती, लिव्हरवर्ट सात हजारांच्या वर, हॉर्नवर्ट दोनशेच्या आसपास, आणि लॅबमध्ये नीट अभ्यासल्या जाणाऱ्या जाती बोटांवर मोजता येतील इतक्या. त्यामुळे नव्या मॉडेल जाती (लॅबमध्ये नमुना म्हणून अभ्यासायच्या) आणणं, तेही वाळवंटातल्या, पाणथळीतल्या, झाडावर वाढणाऱ्या, ही गरज खरीच आहे.

वंशवृक्षाचा वाद तर भारीच आहे. १९८०-९०च्या दशकात बहुतेकांचं मत होतं की हे तीन गट एका पूर्वजाचे नाहीत, लिव्हरवर्ट सगळ्यात आधी वेगळे झाले आणि मॉस मोठ्या झाडांच्या जास्त जवळचे. २०१८ नंतर मोठ्या डेटावरून चित्र पालटलं, तिन्ही मिळून एकच शाखा आणि त्यात मॉस व लिव्हरवर्ट एकमेकांचे सख्खे. मग प्रश्न येतो, मॉस आणि हॉर्नवर्टला पर्णरंध्रं आहेत, लिव्हरवर्टला नाहीत, म्हणजे ती लिव्हरवर्टने गमावली असणार, आणि सगळ्यांचा पूर्वज आपण समजत होतो तितका साधा नव्हता. शिवराम कश्यप यांनी हिमालयातल्या लिव्हरवर्टचा अभ्यास करून १९१९च्या सुमारास मांडलं होतं की साधी दिसणारी रूपं ही गुंतागुंतीच्या रूपांपासून झीज होत आलीत. त्यांच्याकडे जीनोम नव्हता, नुसतं फिरणं आणि निरीक्षण होतं. त्यांच्या सगळ्या तपशिलांवर शिक्का बसला असं नाही, पण गमावत जाणं हीसुद्धा उत्क्रांतीच, हा विचार आज परत मध्यभागी आलाय.

हॉर्नवर्टबद्दल सध्या जी धावपळ आहे तीही यातूनच. यांच्या साधारण निम्म्या जातींच्या हरितलवकात पायरेनॉइड असतो, जो कार्बन डायऑक्साइड एकवटून प्रकाशसंश्लेषण सोपं करतो, जमिनीवरच्या दुसऱ्या कुठल्याच गटात हे नाही. पिकांमध्ये आणता येईल का, ही आशा त्यामागे आहे.

पर्यावरणाच्या बाजूची गोष्ट उशिरा सुरू झाली पण आता सगळ्यात तातडीची तीच. पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर साचलेल्या) दलदली जगाच्या जमिनीच्या फक्त ३ टक्क्यांवर आणि त्यांत मातीतल्या कार्बनचा साधारण तिसरा हिस्सा, ज्याचं मोठं श्रेय स्फॅग्नमला, कारण ती स्वतः सहज कुजत नाही आणि आजूबाजूचं पाणी आम्लधर्मी करून इतरांचं कुजणंही मंदावते. २००२ मध्ये कळलं की उत्तरेकडच्या जंगलांतल्या प्ल्युरोझियम या मॉसवर राहणारे नॉस्टॉक हे जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात, हेक्टरी वर्षाला दीड ते दोन किलो, आणि जंगलाच्या हिशोबात ही जमा कोणी धरलीच नव्हती! २०२३ च्या जागतिक पाहणीत मातीवरच्या मॉसने ९४ लाख चौरस किलोमीटर व्यापल्याचा अंदाज निघाला, म्हणजे जवळपास चीनएवढा पसारा. पण तापमान वाढलं, दलदल सुकली तर यातलं किती टिकेल याचे आकडे ठिकठिकाणी लांबवर मोजल्याशिवाय येणार नाहीत, आणि तीस-चाळीस वर्षं चालणाऱ्या मोजणीला पैसे देणारे फार कमी.

आणि मोजायचं म्हटलं तर आधी ओळखता आलं पाहिजे. कोनोसेफॅलम हा सहज दिसणारा लिव्हरवर्ट घ्या, नुसत्या डोळ्यांना एकच जात वाटायची, एन्झाइमच्या अभ्यासातून आत वेगळ्या जाती लपलेल्या सापडल्या आणि २००५ मध्ये त्यातली एक स्वतंत्र नावाने वेगळी केली. युरोपने २०१९ मध्ये आपली रेड लिस्ट, म्हणजे धोक्यातल्या जातींची यादी, केली, जवळपास पाव जाती धोक्यात निघाल्या. हे जमलं कारण तिथे शंभराहून जास्त वर्षांच्या नोंदी आहेत, त्यातल्या कितीतरी हौशी लोकांनी केलेल्या. उष्ण कटिबंधात, जिथे एकेका पानावर लिव्हरवर्टच्या अनेक जाती दाटीने वाढतात, तिथे अशी यादी करायला नोंदीच पुरेशा नाहीत.

मला विचाराल तर प्राधान्य इथे द्यायला हवं. प्रत्येक जीनोम प्रोजेक्टच्या बजेटमध्ये त्या गटाच्या जाती ओळखणारा, फील्डवर जाणारा आणि हर्बेरियममधली (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहातली) पाकिटं उघडून नावं तपासणारा एक माणूस पगारावर धरा, कारण नाव चुकलेल्या नमुन्याचा डीएनए कितीही चांगला वाचला तरी तो चुकीच्या जातीच्या खात्यात जातो. आणि सुरुवात डोंगरमाथ्यांवरच्या ढगाळ जंगलांपासून करा, तिथल्या जातींना गरम होत गेल्यावर अजून वर सरकायला जागाच नाही.