हिरवळीवरची अळंबी आणि हिरवा ठसा : पार्श्वभूमी

मुंबईत जुलैत दोन-तीन दिवस संततधार लागून मध्ये उघडीप मिळाली की सोसायट्यांच्या लॉनवर, मैदानांच्या कडेला आणि आरेच्या गवतात अळंबी उगवते. त्याच संध्याकाळी तिचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरू लागतात आणि खाली प्रश्न ठरलेला असतो: ही खायची का?

आपल्या स्मृतिकारांना ओळख पटवायची गरज भासली नाही. मनुस्मृतीने लसूण-कांद्याच्या पंक्तीत कवकं, म्हणजे अळंबी, बसवून द्विजांना ती सरसकट वर्ज्य केली आणि विषय मिटवला. कोकणात आणि पालघरच्या पाड्यांवर मात्र ओळख पक्की होती, ती जागेवरून. खाली वाळवीचं घर आणि तिथपर्यंत मुळासारखा खोल गेलेला देठ, ही खूण. वाळवी जमिनीखाली जोपासते ती ही टर्मिटोमायसेस. पावसाळ्यात शहराच्या वेशीवरच्या बाजारांत पानांत बांधून विकायला येते ती बहुतेक हीच. या ज्ञानात लॉनला जागा नव्हती, कारण लॉनच नव्हतं. ओव्हल, क्रॉस, आझाद ही मैदानं म्हणजे किल्ल्यापुढे मोकळ्या ठेवलेल्या एस्प्लनेडचे तुकडे. शिवाजी पार्क १९२५ चं. लाल माती आणि शेणखत टाकून वाढवलेली सोसायटीची हिरवळ तर त्याहून अलीकडची.

पुस्तकं आली ती युरोपातून. १८२१ मध्ये एका स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने कल्ले (छत्रीखालच्या पातळ पात्या) असलेल्या अळंब्यांची विभागणी बीजाणूंच्या, म्हणजे कल्ल्यांतून गळणाऱ्या बियांसारख्या सूक्ष्म कणांच्या, रंगावर केली आणि पुढची दीडेकशे वर्षं तोच पाया राहिला. त्या परंपरेतली हौशी लोकांसाठीची पुस्तकं मुंबईत अर्धीच उपयोगी पडतात. त्यांतली पानंच्या पानं ओक, बर्च, पाइन यांच्या मुळांशी नातं जोडून जगणाऱ्या जातींवर खर्ची पडलेली असतात, आणि आपल्या मैदानांवर सावली असते ती पर्जन्यवृक्षाची नाहीतर गुलमोहराची. पांढऱ्या ठिपक्यांची लाल छत्री इथे कुणाला सापडणार नाही. तरी दर पावसाळ्यात घाबरवायला तिचाच फोटो पाठवला जातो. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पुण्यातल्या एका संशोधन संस्थेने नैर्ऋत्य भारतातल्या अळिंबींवर काम छापलं. पण ते तज्ज्ञांसाठी होतं, सोसायटीच्या माळ्यासाठी नव्हे.

मुंबईच्या लॉनपुरता खरा गुंता एकाच प्रजातीचा (जवळच्या जातींच्या गटाचा) आहे, क्लोरोफायलमचा. तिच्यातली क्लोरोफायलम मॉलिब्डाइट्स ही उष्ण प्रदेशांतल्या हिरवळींवर सर्रास उगवणारी. मोठी पांढरी छत्री, वर तपकिरी खवले, देठावर सरकवता येणारं कडं. दिसायला देखणी, वासाला चांगली. आणि खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू. १८१८ मध्ये तिचं पहिलं वर्णन झालं तेव्हा ती अगॅरिकस या प्रजातीत होती. १८९८ मध्ये ब्रिटिश गियानातल्या नमुन्यावरून क्लोरोफायलम ही प्रजाती उभी केली गेली, ती हिरव्या बीजाणूंच्या जोरावर. गंमत अशी, की त्या नमुन्याला दिलेल्या जातिनामाचा अर्थ होता 'खाण्याजोगी'. नमुना मॉलिब्डाइट्सचाच होता, हे मागाहून कळलं.

छत्री कल्ल्यांच्या बाजूने टेकवून ठेवली की खाली गळलेल्या बीजाणूंचा रंगीत ठसा उमटतो. नंतर शंभरेक वर्षं हिशेब सोपा होता: हिरवा ठसा म्हणजे क्लोरोफायलम. विसावं शतक संपताना डीएनएचे क्रम हाती आले आणि हिशेब बिघडला. हिरव्या बीजाणूंची ही जात पांढऱ्या बीजाणूंच्या काही जातींच्या घोळक्यात मधोमध निघाली. त्या जाती तोवर इतर प्रजातींत नोंदलेल्या होत्या. घोळक्याचे बारीक तुकडे करायचे, की सगळ्यांना एका छत्राखाली घ्यायचं? २००२ मध्ये दुसरा मार्ग धरला गेला. त्यात आणखी एक पेच होता. याच घोळक्यात कोरड्या गवताळ प्रदेशातली एक अशी अळंबी आली, जी छत्री उघडतच नाही आणि बीजाणू खाली टाकतच नाही. तिच्या प्रजातीचं नाव १८४५ चं, म्हणजे क्लोरोफायलमहून जुनं. जुन्या नावाला मान हा नियम पाळला असता तर क्लोरोफायलम हे नावच बाद झालं असतं. म्हणून रूढ नाव राखण्याचा प्रस्ताव मांडला गेला आणि तो मान्यही झाला.

वंशावळीच्या दृष्टीने निर्णय बरोबर आहे, याबद्दल आता फारसं कुणी भांडत नाही. तक्रार प्रत्यक्ष जागेवर अळंबी ओळखणाऱ्या लोकांची आहे, आणि मला ती रास्त वाटते. हिरव्या कल्ल्यांवरून पडलेल्या नावाखाली आता हिरवा ठसा देणारी, पांढरा देणारी आणि ठसाच न देणारी, अशा तिन्ही तऱ्हा नांदतात. क्लोरोफायलम हॉर्टेन्से ही पांढऱ्या ठशाची जात भारतातही नोंदलेली आहे आणि तीही बागेतच उगवते. त्यामुळे 'क्लोरोफायलम आहे' एवढं कळून लॉनवर उभ्या असलेल्या माणसाला ठशाबद्दल काहीच कळत नाही. हिरव्या ठशावरून मॉलिब्डाइट्स ओळखता येते, हे अजूनही खरं. पण ठसा हिरवा नाही म्हणून धोका नाही, असं मात्र होत नाही. कोवळ्या मॉलिब्डाइट्सचे कल्ले पांढरेशुभ्रच असतात, बीजाणू पिकल्यावर ते हिरवट होतात; आणि भाजीसाठी लोक नेमकी कोवळीच अळंबी तोडतात. टर्मिटोमायसेसचा ठसा गुलाबीसर पडतो, पण गुलाबी ठशाच्या विषारी जातीही आहेत.

२०१२ मध्ये डीएनएचा एक ठरावीक तुकडा कवकांसाठी बारकोड, म्हणजे जात ओळखायची प्रमाण खूण, म्हणून स्वीकारला गेला. त्याने नमुन्यांचं काम सोपं केलं. घरबसल्या कुणाचं काम त्याने सोपं झालेलं नाही. सामान्य माणसाच्या हाती आलं ते फोटोवरून नाव सांगणारं ॲप. वरून काढलेल्या फोटोत कल्ले दिसत नाहीत, देठाचा बुंधा मातीत राहतो आणि बीजाणूंचा रंग तर नसतोच. तरी ॲप नाव सांगून मोकळं होतं. लोकांनी पाठवलेल्या अशा नोंदी तपासणारी जाणकार मंडळी आता खालच्या बाजूचा फोटो, बुंध्यासकट उपटलेला देठ आणि काचेवर रात्रभर घेतलेला ठसा मागतात. कागदापेक्षा काच बरी, कारण मुंबईच्या दमट हवेत कागद ओला होतो, शिवाय काच काळ्या आणि पांढऱ्या दोन्ही पार्श्वभूमीवर धरून रंग पाहता येतो. हे काही नसेल तर बहुतेक नोंदी प्रजातीच्या नावापाशीच थांबतात.