जवान गेल्यावर पेन्शन कुणाची? वादामागचा इतिहास

मरणोत्तर शौर्यपदक मिळालेल्या एका अधिकाऱ्याच्या आई-वडिलांनी जुलै 2024 मध्ये ‘नेक्स्ट ऑफ किन’चे, म्हणजे जवानामागे सर्वांत जवळचा नातलग कोण धरायचा याचे, नियम बदलण्याची मागणी केली आणि टीव्हीवर सासू-सुनेचा खटला उभा राहिला. सून पैसे घेऊन गेली, म्हातारे उघड्यावर पडले, असा एकूण सूर. हा वाद मात्र त्या घरापुरता नाही. जवान गेल्यावर त्याच्यामागे कोण, हे दर पिढीत सरकारी आदेशांनी ठरवलं आहे, आणि त्या आदेशांत बायकोचा हक्क बराच काळ अटींवरच टिकून होता.

फार मागे जायचं तर पहिलं महायुद्ध. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले 46 जण त्यात गेले. गाव आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) पडलेल्या हिंदी शिपायांची बसऱ्याच्या स्मारकावर नावं नव्हती, नुसते आकडे होते. जिथे शिपायाचंच नाव कोरलं गेलं नाही, तिथे त्याच्या बायकोचं काय होणार!

स्वातंत्र्यानंतर 1962, 1965, 1971 या लढायांत घरी यायची ती तार. बहुतेकांचे अंत्यसंस्कार आघाडीजवळच उरकले जात. काही दिवसांनी काळी ट्रंक यायची. पैशाचा मोठा बदल झाला तो 1972 मध्ये. लढाईत गेलेल्याच्या पत्नीला त्याचा शेवटचा पगार जवळजवळ पूर्ण मिळू लागला, हीच ‘लिबरलाइज्ड’ फॅमिली पेन्शन. साध्या मृत्यूला आज पगाराच्या 30 टक्के, सेवेमुळे आलेल्या मृत्यूला 60 टक्के मिळतात. त्यामुळे मृत्यू कोणत्या खान्यात नोंदला गेला, यावर घराचं पुढचं सगळं ठरतं.

याच काळातली एक अट मला सगळ्यांत बोचते. शौर्यपदकासोबत दरमहा भत्ता असतो आणि जवानामागे तो पत्नीला मिळतो. 1972 च्या आदेशानुसार तिने पुन्हा लग्न केलं की तो बंद. अपवाद एकच: नवऱ्याच्या भावाशी लग्न करून ती त्याच घरात राहिली तर चालू. मुळात ही उत्तरेकडची चाल. पंजाब-हरयाणात करेव्याची, म्हणजे विधवेचं दिराशी लग्न लावण्याची, प्रथा होती, आणि विधवा दिराच्या घरात राहिली की जमीन आणि पेन्शन दोन्ही घरातच राहतात, म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांनीही ती उचलून धरली. तीच साऱ्या देशाला लागू झाली. सातारा-सांगलीकडच्या मराठा घरांत दिराशी लग्नाची सर्रास रीत नाही; उलट ‘दीर भावासारखा’ असं सांगत मुली वाढतात. म्हणजे इथल्या बाईपुढे पर्याय उरायचा तो जन्मभर एकटं राहण्याचा. आणि हे पैसे कोणते? तर नवऱ्याच्या मर्दुमकीचे. ते मिळवताना दिराचा हात कुठे लागला होता?

ही अट गेली नोव्हेंबर 2017 मध्ये. तोवर परमवीरचक्राचा भत्ता महिना 20 हजार आणि सेनापदकाचा 2 हजार झाला होता. रकमेकडे पाहून कुणी म्हणेल, एवढ्याशा पैशासाठी कशाला भांडायचं. पण बाईने कुणाशी लग्न करावं हे सरकारी कागद सांगत होता, आणि तो पंचेचाळीस वर्षं तसाच राहिला. मुख्य पेन्शनच्या बाबतीत 1996 पासून लागू झालेले नियम त्यामानाने मोकळे आहेत: मुलांना सांभाळत असेल तर दुसऱ्या लग्नानंतरही ती चालू राहते.

कारगिलने चित्र पालटलं. 1999 च्या त्या युद्धात 527 जवान गेले आणि पार्थिव गावोगावी पोचू लागलं. तिरंग्यातली पेटी, बंदुकीच्या फैरी, शाळेची पोरं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. सोबत केंद्राचे 10 लाख, पेट्रोल पंप, गॅस एजन्सी. मनीऑर्डरीवर चालणाऱ्या घरात एवढी रक्कम येताच वाटणीचा प्रश्न आला. 2016 पासून केंद्राचं सानुग्रह अनुदान 25 ते 45 लाखांवर गेलं, राज्याची मदत वेगळी. आजचे खटले त्याच पैशातून उगवलेत.

आई-वडिलांची बाजू खोटी नाही. जवान अविवाहित असेल तर दोघांना मिळून लिबरलाइज्ड पेन्शनच्या 75 टक्के मिळतात, एकटं कुणी मागे राहिलं असेल तर 60 टक्के. लग्न झालं की पेन्शनवर पहिला हक्क पत्नीचा, मग लग्नाला तीन महिने झालेले असोत की तेरा वर्षं.

तरी सुनेचं नाव कागदावर आपोआप चढत नाही, हे टीव्हीवर कुणी सांगत नाही. भरतीच्या वेळी फॉर्मवर आई-बापाचं नाव असतं. लग्न झालं की पलटणीत पार्ट-टू ऑर्डर, म्हणजे लग्नाची अधिकृत नोंद, निघावी लागते. जवान रजेवर येऊन बोहल्यावर चढतो, परत जातो आणि ती काढायची राहून जाते. त्यात आपल्याकडे मुलीचं नाव लग्नात बदललं जातं: शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, लग्नपत्रिकेत तिसरं. मग तेराव्यानंतर बावीस-तेवीस वर्षांची पोर प्रतिज्ञापत्रं, सरपंचाचा दाखला आणि दोन साक्षीदार घेऊन लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसच्या पत्राची वाट पाहत बसते. साक्षीदार बहुतेकदा सासरचेच लागतात.

पेन्शन पत्नी आणि आई-वडिलांत विभागण्याचा प्रस्ताव विचाराधीन असल्याचं सरकारने ऑगस्ट 2024 मध्ये लोकसभेत सांगितलं. विमा आणि भविष्यनिर्वाह निधी यांचं तसं नाही. तिथे नामांकनात आईला किती टक्के, पत्नीला किती, हे जवानाला स्वतः लिहून ठेवता येतं. पेन्शनच्या बाबतीत त्याला असं काही विचारलं जात नाही.