मोटरबोटीवरील दोन बॅटऱ्यांची व्यवस्था

लहान मोटरबोटीवर इंजिन सुरू करण्यासाठी एक आणि दिवे, पंप, व्हीएचएफ (बोटीवरचा संपर्काचा रेडिओ), फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारे यंत्र) यांसाठी दुसरी, अशा 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बसवून दोन्ही एकाच इंजिनावर चार्ज करून घेण्याची विद्युत योजना. नांगर टाकून दिवसभर उपकरणे चालवली तरी परतताना सेल्फ लागलाच पाहिजे, एवढाच तिचा हेतू. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर दोरी ओढून सुरू होणारी लहान आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून टांगलेली) इंजिने अनेक होड्यांवर दिसतात. त्यांना हिची गरज नाही. इंजिन मोठे झाले की दोरीचा उपाय उरत नाही, आणि भर समुद्रात उतरलेल्या बॅटरीला धक्का मारणारेही कोणी नसते.

सेल्फला क्षणभर प्रचंड प्रवाह लागतो, पण एकूण खर्च नगण्य असतो. 150 अँपिअर 3 सेकंद घेतले तरी बॅटरीतून जेमतेम 0.125 अँपिअर-तास जातात, आणि इंजिन चालू होताच ते भरून येतात. उपकरणांचे गणित उलटे आहे. फिशफाइंडर 1, मासे जिवंत ठेवणाऱ्या टाकीचा पंप 3, दिवे व ऐकण्यापुरता चालू ठेवलेला व्हीएचएफ मिळून 1 अँपिअर धरला, तर 6 तासांत 30 अँपिअर-तास संपतात. म्हणून बॅटऱ्याही दोन जातींच्या घेतात. स्टार्टिंग बॅटरीच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात. उपकरणांसाठीच्या डीप सायकल, म्हणजे पुन्हा पुन्हा खोलवर उतरवता येणाऱ्या बॅटरीच्या जाड. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी आणि मोटारीची बॅटरी यांत जो फरक, तोच हा. मात्र इन्व्हर्टरची उंच, पाण्याची ट्यूबलर बॅटरी हेलकावणाऱ्या लहान बोटीत नेऊ नये. तिथे सीलबंद एजीएम (आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषून ठेवलेली) बरी. शिसे-आम्ल प्रकारातली कोणतीही बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, त्यामुळे 100 अँपिअर-तासांतले 50च आपले समजावेत.

योजनेतली खरी अडचण अशी की वापरताना बॅटऱ्या वेगळ्या हव्यात आणि चार्ज होताना एकत्र. जुना उपाय म्हणजे चार जागांचा फिरता स्विच : बंद, 1, दोन्ही, 2. तो स्वस्त आणि मजबूत असतो, पण सगळी भिस्त माणसाच्या आठवणीवर. ‘दोन्ही’वर ठेवून मासेमारीत रमले की दोन्ही बॅटऱ्या मिळूनच उतरतात, म्हणजे दुसरी घेतल्याचा उपयोग शून्य. दुसरा धोका इंजिनाला : ते चालू असताना स्विच ‘बंद’वर गेला, तर अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावरच्या वीज बनवणाऱ्या जनित्राला बॅटरीचा आधार राहत नाही, व्होल्टेज उसळते आणि त्यातले डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जळू शकतात.

आता व्होल्टेज पाहून जोडणारा रिले, म्हणजे आपोआप चालणारा विजेचा स्विच, सर्रास वापरतात. चार्जिंग सुरू होऊन व्होल्टेज साधारण 13.3च्या वर गेले की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो; इंजिन बंद होऊन ते 12.8च्या आसपास आले की तोडतो. त्याच्या जोडीला प्रत्येक बॅटरीचा चालू-बंद स्विच आणि अडीअडचणीला दोन्ही जोडणारा तिसरा स्विच असला की काम झाले. दोन्ही बॅटऱ्यांना चार्जिंग देऊनही त्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवणारे डायोडचे आयसोलेटरही मिळतात, पण साध्या डायोडमध्ये सुमारे 0.7 व्होल्ट वाया जातात आणि बॅटरी पूर्ण भरत नाही. नव्या बोटीसाठी रिलेच घ्यावा. वेगळी बॅटरी दिल्याचा फायदा पहिल्या सेल्फलाच दिसतो : एकाच बॅटरीवर सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळून फिशफाइंडर बंद पडून पुन्हा सुरू होतो, तो प्रकार थांबतो.

जोडणीत दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह एकमेकांना जाड केबलने जोडतात. हे राहिले तर रिले जोडूनही चार्जिंग पोहोचत नाही. बिल्ज पंपाची (बोटीच्या तळात साचलेले पाणी उपसणाऱ्या पंपाची) तार मुख्य स्विचला वगळून, स्वतंत्र फ्यूज घालून थेट बॅटरीवर नेतात, म्हणजे धक्क्याला बांधलेल्या बोटीत पाणी साचले तरी पंप आपोआप चालतो. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकानुसार सेल्फची केबल सोडून पॉझिटिव्ह तारेवर बॅटरीपासून सर्वसाधारणपणे 7 इंचांच्या आत फ्यूज लागतो, आणि बॅटरी इतकी घट्ट बांधावी की ती इंचभरापेक्षा जास्त सरकू नये. तार कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची हवी. साधी तार खाऱ्या हवेत आवरणाच्या आतून काळी-हिरवी पडत जाते. दिशादर्शक दिव्यांच्या तारेत व्होल्टेजची घट 3 टक्क्यांच्या आत, म्हणजे 0.36 व्होल्टच्या खाली ठेवतात. चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन हवेत 4 टक्के झाला तरी पेट घेतो, म्हणून बॅटरीचा कप्पा हवेशीर ठेवावा लागतो.

शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी 25 ते 30 किलोंची असते. दोन्ही मागेच, इंजिनापाशी ठेवल्या तर लहान बोट मागून दबते. हाउस बॅटरी, म्हणजे उपकरणांची बॅटरी, पुढे सरकवावी, पण मग केबल लांबते आणि त्या प्रमाणात जाडही घ्यावी लागते. लहान आउटबोर्डचे चार्जिंग तोकडे, मंद गतीला तर फारच थोडे. दिवसभराची तूट किनाऱ्यावरच्या चार्जरनेच भरते.

हाउस बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर साधा रिले चालत नाही. तिचे विश्रांतीतले व्होल्टेजच 13च्या वर असल्याने रिले वेळेवर सुटत नाही, शिवाय ती इतका प्रवाह ओढते की अल्टरनेटर तापतो. तिथे एका बॅटरीकडून दुसरीला मोजक्या प्रवाहाने चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर लावतात.

काम झाल्यावर मल्टिमीटरने तपासणी करतात. इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्यांवर सारखेच, साधारण 14 व्होल्ट दिसावेत. इंजिन बंद करून उपकरणे चालू ठेवली की काही वेळाने फक्त हाउस बॅटरीचा आकडा उतरत गेला पाहिजे. दोन्ही जोडीने उतरत राहिले, तर रिले चिकटलेला आहे किंवा जोडणारा स्विच चालूच राहिला आहे.